कार्यव्यवस्थापन प्रणालीतील ‘डिलीट’ साधनाचे दस्तऐवजीकरण : एक समीक्षा

प्रस्तावना

संगणकप्रणालीसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकेकडे भाषेच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही, आणि ते स्वाभाविकही होते. यंत्र आधी आणि त्याचे वर्णन नंतर, वर्णन चुकले तरी यंत्र आपले काम आपल्या रीतीने करीत राहते, अशी या लेखनाबद्दलची सर्वसाधारण समजूत होती. पुस्तिकेचा वाचक प्रोग्रामर असे. तो वाचत असे, शंका आल्यास प्रयोग करून पाहत असे, सहकाऱ्याला विचारत असे आणि मगच प्रणालीला हात लावत असे. वाचन आणि कृती यांच्यामध्ये माणसाचा विवेक उभा होता. त्यामुळे पुस्तिकेतील अपुरे वाक्यही सहसा निभावून जाई.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे एजंट कार्यव्यवस्थापनाच्या प्रणालींमध्ये वावरू लागल्यापासून ही परिस्थिती पालटली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत जाहीर केला. या संकेतानुसार एखादी प्रणाली आपली ‘टूल्स’ म्हणजे साधने एजंटपुढे मांडते. प्रत्येक साधनाला एक नाव असते, त्याचे शब्दांतले वर्णन असते आणि त्याला कोणती माहिती पुरवावी लागते याचा आराखडा असतो. एजंटमागचे भाषा-मॉडेल हे वर्णन वाचते आणि वापरकर्त्याच्या मागणीला कोणते साधन लागू पडते ते ठरवते. नवे काम नोंदवणे, काम शोधणे, मुदत बदलणे, काम पूर्ण झाल्याची खूण करणे ही त्यांतली नित्याची साधने होत. याच रांगेत, बहुधा एका ओळीच्या वर्णनासह, ‘डिलीट’ उभे असते.

प्रस्तुत लेखात या एका ओळीची समीक्षा करावयाची आहे. डिलीट साधनाचे वर्णन करणारे लेखन क्रियेचे नाव सांगते, पण क्रियेनंतर काय उरते ते पुष्कळदा सांगत नाही; आणि एजंटसारख्या वाचकाच्या बाबतीत हा दोष शैलीचा राहत नाही, तो थेट माणसांच्या नोंदींवर येऊन पडतो, असे येथील प्रतिपादन आहे.

एक शब्द, अनेक अर्थ

‘डिलीट’ या शब्दाचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे असे गृहीत धरले जाते. प्रचलित प्रणालींचे दस्तऐवज शेजारी ठेवून वाचले की हे गृहीतक कोसळते.

आसनाच्या प्रोग्रामरांसाठीच्या दस्तऐवजात काम डिलीट करण्याविषयी जे लिहिले आहे त्याचा आशय असा : डिलीट केलेले काम विनंती करणाऱ्या वापरकर्त्याच्या कचरापेटीत जाते, तेथून ते ३० दिवसांच्या आत परत मिळवता येते, त्यानंतर ते प्रणालीतून पूर्णपणे काढले जाते. या प्रकारच्या लेखनात हा मजकूर उठून दिसतो, कारण त्यात क्रियेचा उत्तरार्ध आला आहे. वस्तू कोठे जाते, किती काळ राहते आणि शेवटी तिचे काय होते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे थोडक्यात मिळतात. तरीही एक अर्थ नव्या परिस्थितीत अडखळतो. ‘विनंती करणाऱ्या वापरकर्त्याची’ कचरापेटी म्हणजे कोणाची? एजंट एखाद्या कर्मचाऱ्याच्या खात्यातून वावरत असेल तर ती त्या कर्मचाऱ्याची पेटी होय. एजंटसाठी संस्थेने स्वतंत्र खाते उघडले असेल, तर काम अशा पेटीत जाऊन पडेल जी कोणीही माणूस सहसा उघडून पाहत नाही. तीस दिवसांची सवलत कागदावर राहील आणि मुदत मात्र निमूटपणे सरेल.

जिराचा दस्तऐवज निराळ्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. एखाद्या नोंदीला उपकामे जोडलेली असतील तर ती नोंद डिलीट होत नाही. ती घालवायचीच असेल तर उपकामेही डिलीट करावीत असे विनंतीत स्पष्ट नमूद करावे लागते, आणि मग मूळ नोंदीसह उपकामेही जातात. येथे प्रणालीने स्वतःच एक अडसर ठेवला आहे. माणसाला हा अडसर क्षणभर थांबवतो. एजंटला तो तेवढा थांबवेलच असे नाही. विनंती नाकारली गेली, कारण कळले, हवा असलेला पर्यायही दस्तऐवजात दिसला, तर पुढची विनंती त्या पर्यायासह पाठवणे ही त्याच्या दृष्टीने अडचण सोडवण्याची सरळ पायरी ठरते. अडसर आणि सूचना एकाच ओळीत आल्याने अडसर हीच वाट होऊन बसते.

गूगल टास्क्सचे उदाहरण याहून बोधक आहे. तेथील डिलीटच्या वर्णनात म्हटले आहे की काम दुसऱ्या ठिकाणाहून, उदाहरणार्थ डॉक्समधून वा चॅटमधून, सोपवलेले असेल तर यादीतले काम आणि मूळ ठिकाणचे काम अशी दोन्ही डिलीट होतात. म्हणजे आपल्या यादीतली एक ओळ पुसताना दुसऱ्याच्या दस्तऐवजातली नोंदही जाते. याच प्रणालीत ‘क्लिअर’ नावाची दुसरी क्रिया आहे. ती यादीतली पूर्ण झालेली सर्व कामे ‘लपवलेली’ अशी चिन्हांकित करते. ती नष्ट करीत नाही. नावावरून पाहता ‘क्लिअर’ अधिक सरसकट वाटते आणि ‘डिलीट’ अधिक मर्यादित. परिणाम नेमके उलटे आहेत.

ट्रेलोच्या पडद्यावर कार्ड डिलीट करण्यापूर्वी ते ‘अर्काइव्ह’ म्हणजे संग्रहित करावे लागते आणि त्यानंतरच डिलीटचा पर्याय समोर येतो. पडद्यावरची ही दोन पावले हाच तेथे इशारा असतो. प्रोग्राममार्फत मात्र कार्ड थेट डिलीट करता येते. जो इशारा पडद्याच्या मांडणीत होता तो शब्दांत उतरवला नाही तर एजंटपर्यंत तो पोहोचतच नाही, कारण एजंट पडदा पाहत नाही. टास्कवॉरियर या मुक्त प्रणालीत तर ‘डिलीट’ ही केवळ कामाची एक अवस्था आहे. नोंद फाइलमध्ये तशीच राहते. ती कायमची काढण्यासाठी ‘पर्ज’ ही वेगळी आज्ञा आहे आणि तीही आधी डिलीट झालेल्या कामांनाच लागू होते.

अशा पाच प्रणालींमध्ये वावरणारा एकच एजंट आणि त्याच्यासमोर एकच क्रियापद, ही आजची वस्तुस्थिती होय.

आकांक्षेचा प्रश्न

भारतीय वाक्यविचारात वाक्याचा अर्थ सिद्ध होण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन अटी सांगितल्या आहेत. त्यांतली आकांक्षा येथे विशेष उपयोगी पडते. एक पद दुसऱ्या पदाची अपेक्षा निर्माण करते आणि ती अपेक्षा पुरी होईपर्यंत अर्थ अधांतरी राहतो. ‘आण’ म्हटले की ‘काय’ ही अपेक्षा उभी राहते. ‘डिलीट कर’ या क्रियापदाची आकांक्षा केवळ कर्माने भागत नाही. काय डिलीट करायचे याखेरीज कोठून, कशासकट, किती काळासाठी आणि कोणाच्या अधिकाराने, या अपेक्षाही त्यात गर्भित आहेत. साधनाच्या आराखड्यात सामान्यतः एकच जागा भरायची असते, ती कामाच्या क्रमांकाची. कर्म मिळाले की यंत्राचे वाक्य पुरे झाले; अर्थ पुरा झालेला नसतो.

या अपुरेपणाचे मूळ जुने आहे. वेबचा पाया असलेल्या एचटीटीपी संकेतात ‘डिलीट’ ही पद्धत आहे. जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९११० या दस्तऐवजात तिची तुलना युनिक्समधील ‘आरएम’ आज्ञेशी केलेली आहे. ही पद्धत पत्ता आणि त्यामागची वस्तू यांचा संबंध तोडते. आधीची माहिती नष्ट होईलच अशी अपेक्षा तिच्यात नाही, असा खुलासाही तेथे सापडतो. संकेत लिहिणाऱ्यांनी ही सावधगिरी जाणीवपूर्वक बाळगली. त्या संकेतावर उभ्या राहिलेल्या प्रणालींच्या पुस्तिकांमध्ये ती बहुतेक वेळा गळून पडली आणि ‘काम डिलीट करते’ एवढेच उरले.

मीमांसकांच्या परिभाषेत बोलायचे तर साधनाचे वर्णन हे एकाच वेळी वस्तुकथन आणि विधी असते. प्रोग्रामरसाठी ते वस्तुकथन होते. एजंट ते वाचताक्षणी कृतीच्या वाटेवर असतो, म्हणून त्याच्यासाठी ते विधिवाक्याजवळ जाते. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथापासून बोलणे हीच कृती असू शकते हा विचार भाषाभ्यासात रुजला आहे. येथे त्याची एक विलक्षण बाजू दिसते : लेखकाने केवळ वर्णन केले आणि वाचकाने ते अमलात आणले. आज्ञा देण्याचा हेतू नसताना आज्ञा घडली.

२००५ सालचा दाखला

यंत्राने माणसाच्या नोंदी नकळत डिलीट करण्याचा प्रसंग पूर्वीही येऊन गेला आहे आणि तोही याच प्रकारच्या प्रणालींमध्ये. मे २००५ मध्ये गूगलने ‘वेब ॲक्सलरेटर’ नावाचे साधन उपलब्ध करून दिले. पाने लवकर उघडावीत म्हणून ते पानावरच्या दुव्यांची आगाऊ ने-आण करी. त्या काळी ३७सिग्नल्स या कंपनीच्या बॅकपॅकसारख्या वेबप्रणालींमध्ये ‘डिलीट’ हा एक साधा दुवा होता. ॲक्सलरेटरने तो इतर दुव्यांसारखाच समजून त्याचा पाठपुरावा केला आणि वापरकर्त्यांच्या नोंदी नाहीशा होऊ लागल्या. ‘खात्री आहे का?’ असे विचारणारी चौकट पडद्यासाठी लिहिलेली होती. पडदा न पाहणाऱ्या यंत्रापुढे ती आलीच नाही.

त्यावेळी दोष कोणाचा यावर बराच वाद झाला. संकेताच्या दृष्टीने ॲक्सलरेटरची बाजू बळकट होती, कारण जून १९९९ च्या आरएफसी २६१६ मध्येच ‘गेट’ पद्धतीने केवळ वाचन घडावे, बदल घडू नये असे सांगितले होते. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र ज्याची नोंद गेली त्याला संकेताचे कलम वाचून समाधान मिळण्यासारखे नव्हते. प्रणालीकारांनी पुढे डिलीट निराळ्या पद्धतीमागे ठेवले, ॲक्सलरेटरही २००८ मध्ये बंद झाले आणि प्रश्न मिटला.

आज तोच उपाय पुन्हा लागू करता येत नाही. २००५ मधले यंत्र दुवा वाचत नव्हते, केवळ अनुसरत होते. म्हणून दाराला कुलूप लावणे पुरेसे ठरले. आजच्या एजंटला कुलपाची किल्ली आपण होऊन दिली जाते आणि दार केव्हा उघडावे हे त्याने वर्णन वाचून ठरवावे अशी अपेक्षा असते.

‘सूचक’ किती सूचक?

या धोक्याची जाणीव संकेतकारांना नव्हती असे नाही. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत साधनांना काही खुणा जोडण्याची सोय करण्यात आली. साधन केवळ वाचन करते का, ते विध्वंसक आहे का, तीच विनंती पुन्हा केल्यास अधिक परिणाम होतो का, आणि ते बाहेरच्या खुल्या जगाशी व्यवहार करते का, अशा त्या चार खुणा होत. खूण दिलीच नाही तर साधन विध्वंसक असू शकते असे धरावे, हा नियम विशेष स्वागतार्ह आहे. मौनाचा अर्थ धोका असा लावणे हे शहाणपणाचे लक्षण होय.

तथापि ‘विध्वंसक’ या खुणेची व्याख्या तपासली की तिची मर्यादा दिसते. तिच्या विरुद्ध बाजूला ‘केवळ भर घालणारे’ साधन ठेवलेले आहे. म्हणजे जे केवळ भर घालत नाही ते सर्व एका गोटात पडते. कामाची मुदत बदलणे, काम तीस दिवसांसाठी कचरापेटीत टाकणे आणि काम कायमचे नष्ट करणे यांवर एकच खूण लागू शकते. परतीची वाट आहे की नाही, हा वापरकर्त्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भेद या खुणांमध्ये कोठेही व्यक्त होत नाही. तो व्यक्त करण्यासाठी शब्दांतल्या वर्णनाकडेच परत यावे लागते. शिवाय या साऱ्या खुणा केवळ सूचक आहेत, त्या खऱ्या असतीलच याची हमी नाही आणि अविश्वासू प्रणालीकडून आलेल्या खुणांवर निर्णय सोपवू नये, असे संकेतातच नमूद आहे. नकार देण्याचा अधिकार असलेला माणूस प्रक्रियेत असावा अशी शिफारसही तेथे आहे. पण त्या माणसापुढे जी परवानगीची चौकट येते तिच्यात साधनाचे नाव आणि कामाचा क्रमांक एवढेच असेल, तर तो कशाला परवानगी देतो आहे हे त्याला तरी कसे कळावे?

काही लेखक वर्णनात ‘सावधगिरीने वापरावे’ असे वाक्य जोडून मोकळे होतात. हे वाक्य निरर्थक म्हणावे लागेल. सावधगिरी म्हणजे नेमके काय करणे, हे त्यात नाही. निषेधवाक्यही पुरतेच असे नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या प्रणालीवरील एजंटने बदल न करण्याची सूचना असताना एका उद्योजकाच्या चालू प्रकल्पाचा डेटाबेस डिलीट केल्याची घटना गाजली. ती प्रणाली कार्यव्यवस्थापनाची नव्हे, प्रोग्राम लिहिण्याची आहे. परंतु तिच्यातला एक तपशील या विवेचनाशी निगडित आहे. गेलेला डेटा परत आणता येणार नाही असे एजंटने सांगितले. प्रत्यक्षात तो परत आणता आला. डिलीट करणे जसे चुकले, तसेच डिलीटनंतर काय उरले याविषयीचे कथनही चुकले.

मराठी वापरकर्त्याची बाजू

हे सर्व दस्तऐवज इंग्रजीत लिहिलेले असतात, पण एजंटशी बोलणारा माणूस मराठीत बोलू शकतो आणि बोलतोही. तेथे एक वेगळीच गुंतागुंत उभी राहते. मराठीत या अर्थक्षेत्रात खोडणे, पुसणे, काढणे, वगळणे, रद्द करणे, उडवणे, मिटवणे, नष्ट करणे अशी क्रियापदांची मोठी रांग आहे आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे. खोडलेले खाली वाचता येते. पुसलेले येत नाही. वगळलेले दुसरीकडे शिल्लक असते. रद्द केलेल्याची नोंद राहते, किंबहुना रद्द झाल्याचीच नोंद होते. मोबाइलच्या मराठी पडद्यांनी ‘हटवा’ हा शब्द रूढ केला आहे, पण बोलताना माणूस ‘काढून टाक’ असेच म्हणतो.

‘झालेली कामे यादीतून काढून टाक’ हे वाक्य घ्यावे. कार्यालयात सहकाऱ्याला हे सांगितले तर झालेली कामे डोळ्यांपुढून दूर कर, असाच त्याचा अर्थ होईल. गूगल टास्क्समध्ये या अर्थाला ‘क्लिअर’ जुळते. पण ‘काढून टाक’चे इंग्रजी प्रतिरूप शोधणारा एजंट ‘डिलीट’वर जाऊन थांबला तर त्याला भाषेच्या दृष्टीने चूक म्हणता येणार नाही. ‘टाक’ हे येथे सहायक क्रियापद असून ते क्रियेची पूर्तता दाखवते, फेकून देणे दाखवत नाही, हा भेद मराठी भाषकाला न सांगता कळतो. साधनाच्या वर्णनात ‘काम केवळ नजरेआड करायचे असल्यास हे साधन वापरू नये’ असे एक वाक्य असते, तर मूळ मागणी कोणत्याही भाषेत आली तरी एजंटला तुलना करण्यास आधार मिळाला असता.

एका आक्षेपाचा विचार

लांब वर्णने एजंटच्या वाचनाची मर्यादित जागा व्यापतात आणि खर्च वाढवतात, म्हणून सुरक्षितता शब्दांत न शोधता रचनेत शोधावी, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. कायमचे डिलीट एजंटच्या हाती न देता केवळ संग्रहित करण्याची मुभा देणे हा उत्तम मार्ग होय. पण कचरापेटी असली तरी ती आहे हे कोणीतरी सांगावेच लागते. आसनाच्या दस्तऐवजाने दाखवून दिल्याप्रमाणे त्याला दोन-तीन वाक्ये पुरतात. जागेची काटकसर करताना नेमकी हीच वाक्ये कापली जावीत, हे नवल आहे. कामाच्या नोंदीत कोणी कोणाला काय कबूल केले, केव्हा केले आणि ते का लांबले याचा पुरावा असतो. लेखापरीक्षणाच्या वेळी किंवा दोन सहकाऱ्यांमधल्या वादात तोच उघडला जातो.

कचरापेटीची सोय असलेल्या एखाद्या कल्पित प्रणालीसाठी वर्णनाचा नमुना असा करता येईल : ‘हे साधन एक काम डिलीट करते. कामाची उपकामे, शेरे आणि जोडलेल्या फाइलीही त्यासोबत जातात. काम ३० दिवस वापरकर्त्याच्या कचरापेटीत राहते आणि तेथून परत आणता येते. त्यानंतर आणता येत नाही. काम पूर्ण झाले असल्यास पूर्ण करण्याचे साधन वापरावे. नजरेआड करायचे असल्यास संग्रहित करण्याचे साधन वापरावे. डिलीट केल्यावर कामाचे शीर्षक आणि परत आणण्याची अंतिम तारीख वापरकर्त्याला कळवावी. कामावर इतर व्यक्तींचे शेरे असतील तर आधी वापरकर्त्याला तसे सांगून संमती घ्यावी.’

यातले शेवटचे वाक्य प्रणालीकारांना सर्वाधिक खटकेल, कारण शेरे आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी एजंटला आणखी एक विनंती करावी लागते. पण शेरा लिहिणाऱ्या माणसाने डिलीटची मागणी केलेली नसते, आणि आपले लिहिलेले गेले हे त्याला कळवण्याची तरतूदही या सबंध व्यवहारात दुसरीकडे कोठे नाही.